रजिस्टरातला एक रकाना

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा सगळ्यांना एकच विषय दिला आहे, ‘माझ्या आयुष्यातला एक निर्णय’. माझ्या आधी जे बोलले त्यांनी नोकरी सोडल्याचं, धंदा काढल्याचं, दुबईला गेल्याचं सांगितलं. मी पोस्टात लागले आणि पोस्टातूनच निवृत्त होणार आहे, त्यामुळे माझ्याकडे तसलं काही नाही. मी सांगणार आहे तो निर्णय माझा नाहीच. तो माझ्या वडिलांचा आहे, आणि तो आपल्या शाळेच्या ऑफिसात झाला म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

मेळाव्यासाठी तुकडीची यादी करायची होती, तेव्हा मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही तिघीजणी जनरल रजिस्टर बघायला गेलो. जाडजूड, कापडी पाठीचं, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. आपापली नावं शोधताना खूप हसलो. एकीची जन्मतारीख १ जून निघाली, तिच्या पुढच्या-मागच्या चौघींचीही १ जून. मग माझी ओळ सापडली. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, सगळं निळ्या शाईत, भाऊसाहेबांच्या त्या तिरक्या अक्षरात. फक्त ‘धर्म व जात’ हा रकाना काळ्या शाईत. वरच्या ओळीत माझा भाऊ, त्याचाही तोच रकाना काळा. मैत्रिणींनी विचारलं, हे असं का? मी म्हटलं, भाषणात सांगते.

दुसरं एक निमित्त आहे. तयारीच्या बैठकीत आपल्या सावंतवाडीकडच्या मित्राने, नाव घेत नाही, तो समोर बसून हसतोच आहे, मला विचारलं, “तुमच्यात देवाला विचारतात म्हणजे काय करतात गं? कौल लावतात का?” त्याच्या गावी गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला कळ्या लावतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या बायबलमध्येही असे प्रकार आहेत. गिदोन नावाच्या माणसाने रात्री खळ्यात लोकर ठेवली आणि देवालाच अट घातली की दव नुसतं लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं झालं, तर दुसऱ्या रात्री उलटी अट घातली. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची जागा भरायची होती तेव्हा प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मथियाचं नाव आलं. पण प्रेषितांच्या त्या पुस्तकात त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख सापडत नाही. पुढे प्रश्न आला की लोक एकत्र बसतात, भांडतात, प्रार्थना करतात आणि ठरवतात. कौल बरा असं मला कधीकधी वाटतं. कळी पडली की विषय संपतो.

आता मूळ गोष्ट.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात. त्या भागात एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषा बोलणारे येशूसंघाचे फादर आले, ज्यांना सगळे जेझुइट म्हणतात. त्यांच्यामुळे महारवाड्यातली बरीच घरं ख्रिस्ती झाली. माझे पणजोबा त्यातले. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तुमच्यातल्या नगरच्या लोकांना माहीत असेल, तिथे आम्ही बैलगाडीतून जायचो. देव बदलला तरी गाव बदललं नव्हतं. आमची विहीर वेगळी होती ती वेगळीच राहिली. गावात कुणी आम्हाला ख्रिस्ती म्हणून हाक मारत नव्हतं. ज्या नावाने मारत होते तेच ठेवलं होतं. आणि एक सांगते, नाहीतर एकतर्फी होईल: चर्चमध्ये जात नाही असं आमचे लोकही म्हणतात, पण सोयरीक जुळवताना कोण कुठल्या जिल्ह्याचे, मूळचे कोण, हे बरोबर विचारलं जातं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात, विमकोत लागले. बरीच वर्षं एकटेच राहिले आणि १९७७ साली आम्हाला घेऊन आले. जून महिना. दादाला सातवीत आणि मला पाचवीत घालायचं होतं. गावच्या शाळेचा दाखला हातात होता. भाऊसाहेबांनी तो वाचून रजिस्टरात उतरवायला सुरुवात केली आणि ‘धर्म व जात’ पाशी थांबून विचारलं, “हिंदू, महार. दाखल्यावर आहे तसंच ना?”

गावच्या गुरुजींनी आमच्या वाड्यातल्या सगळ्या पोरांचं तसंच लिहिलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी दाखला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. म्हणाले, “नाही साहेब, आम्ही ख्रिस्ती.”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ते भले माणूस होते, आपल्याला सगळ्यांना त्यांच्याबद्दल तेच आठवत असेल. त्यांनी अण्णांना बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. ख्रिस्ती लिहिलंत तर अनुसूचित जातीच्या सवलतीतून मुलं बाहेर. शिष्यवृत्ती नाही, पुढे कॉलेजात राखीव जागा नाही, नोकरीत नाही. दाखल्यावर आहे तेच राहू दिलं तर तुम्हाला काही करायचंच नाही. बदलायचं असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला आणा. आणि एकदा रजिस्टरात चढलं की पुन्हा बदलणं फार कटकटीचं, तेव्हा घाई करू नका. मी रकाना कोरा ठेवतो, आठ दिवसांनी या.

कायदा काय होता ते थोडक्यात सांगते. १९५० साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला त्यात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले ते १९९० साली. आपल्या वर्गातल्या ज्यांच्या आईवडिलांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली त्यांना हे मी सांगायला नको. राज्यात सवलती होत्या, पण केंद्राच्या कागदासाठी ‘बौद्ध’ लिहायचं की ‘हिंदू महार’, हा प्रश्न त्यांच्याही घरी जेवताना निघालेला आहे. आणि कॅम्पातून येणाऱ्या आपल्या सिंधी मित्रांच्या आजोबांना तर धर्माच्या रकान्यापायी घरदार सोडून उल्हासनगरच्या बराकीत यावं लागलं. ख्रिस्ती मात्र अजून त्या आदेशाच्या बाहेर आहेत. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चांभारांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या, त्यात सूसाई नावाच्या एकाला तो ख्रिस्ती म्हणून नाकारलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला आहे. म्हणजे अण्णांसमोर १९७७ साली जे होतं ते अजून मिटलेलं नाही.

घरी आल्यावर आई जे बोलली ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण आम्ही दोघं पलीकडे झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. आई म्हणाली, “विहिरीवर मला कुणी विचारलं का, बाई तू ख्रिस्ती का महार? हाकललं ते महारीण म्हणून हाकललं. मग कागदावर महार लिहायला खोटं काय आहे?” अण्णा म्हणाले, महार लिहायला माझी ना नाही, त्याच्या आधी हिंदू लिहावं लागतंय. आई म्हणाली, “पोरांच्या पोटावर तुमचा देव का आणता?”

या वाक्याला अण्णांकडे उत्तर नव्हतं. आजही कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. आमच्यात असं करणारी कितीतरी घरं होती आणि आहेत. कागदावर एक नाव, चर्चमध्ये दुसरं. अण्णांच्या कारखान्यातल्या एका कुटुंबाने तसंच केलं, मुलगा मोठा अधिकारी झाला, दर रविवारी मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसायचा. तो माणूस माझ्यापेक्षा अधिक प्रार्थना करणारा होता. त्याला मी नावं ठेवणार नाही, आणि त्या राखीव जागांनाही नाही. त्या कुणाची मेहेरबानी नव्हत्या.

बाप्तिस्म्याचा दाखला आणायला अण्णा गावी गेले. कल्याणहून माळशेज घाटाची एस.टी., धो धो पाऊस. गावच्या मिशनमध्ये एक म्हातारे फादर होते, जेझुइट. दाखला लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, कशाला हवा? अण्णांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, “फादर, देवाची इच्छा काय आहे ते तुम्ही सांगा.” अण्णांना वाटलं, फादर म्हणजे फादर, ख्रिस्तीच लिहा म्हणणार, मग घरी आईला सांगता येईल की फादरनी सांगितलं. फादर म्हणाले, “मी सांगितलं तर ती माझी इच्छा होईल.”

जेझुइटांचे मूळ पुरुष संत इग्नेशियस. ते आधी सैनिक होते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं. वेळ घालवायला त्यांना शौर्याच्या कथा हव्या होत्या, घरात होती ती फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं बघत. एक लढाईची आणि मोठ्या घरच्या स्त्रीची मर्जी मिळवण्याची, दुसरं संतांसारखं जगण्याचं. दोन्ही रंगवताना मजाच यायची. पण त्यांच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडतं आणि दुसरं संपलं तरी उल्हास टिकतो. एवढ्या एका निरीक्षणावरून त्यांनी पुढे आध्यात्मिक साधनेचं एक पुस्तकच लिहिलं, त्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. देवाची इच्छा ओळखायची म्हणजे आकाशवाणी ऐकायची नाही. आपल्या मनात काय येतं, ते कुठून येतं आणि गेल्यावर मागे काय ठेवतं, हे पाहायचं.

फादरनी अण्णांना त्या पुस्तकातलंच सांगितलं असणार, कारण मी पुढे ते वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. पहिली गोष्ट, मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आण. तुला जे आधीच हवं आहे ते कबूल कर, नाहीतर देवाच्या नावाने तू तेच ऐकशील. दुसरी, तू कधी न पाहिलेला एक माणूस, तुझ्यासारखाच, हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आला तर त्याला काय सांगशील? तिसरी, मरणाच्या वेळी यातलं काय केलेलं आवडेल? आणि एक त्यांच्या पदरचं: दोन दिवस असं समज की हिंदू लिहून झालं, दोन दिवस असं समज की ख्रिस्ती लिहून झालं. कामाला जा, जेव, झोप, आणि बघ.

अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी तसं केलं. हे सगळं त्यांनी मला खूप नंतर, मी नोकरीला लागल्यावर सांगितलं. पहिले दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं. दादा इंजिनियर झालेला दिसायचा, ऑर्डनन्सच्या साहेबांसारखं क्वार्टर दिसायचं. भूक चांगली लागली. पण शनिवारी चर्चच्या बाजूने यायचं टाळून ते स्टेशनच्या रस्त्याने फिरून घरी आले, आणि घरी पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण फिरून आलो. पुढचे दोन दिवस वाईट गेले. झोप नाही, छातीत धडधड. भीतीच भीती. “पण लाज नव्हती गं,” ते म्हणाले, “भीती होती, लाज नव्हती.”

शांत वाटलं म्हणजे देवाची इच्छा, असं आमच्यातले पुष्कळ लोक समजतात. तसं असतं तर पहिले दोन दिवसच बरोबर ठरले असते. आळसालाही शांत वाटतं. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली की फारच शांत वाटतं.

आठव्या दिवशी अण्णा ऑफिसात गेले. भाऊसाहेबांचं निळं पेन संपलं असेल किंवा दुसरं काही असेल, रकाना काळ्या शाईत भरला गेला. आईने त्या दिवशी डबा दिला, बोलली नाही. सही वडिलांची एकट्याची लागायची, नाहीतर ती देणार नव्हती असं तिने आयुष्यभर सांगितलं.

माझ्या रकान्याची चर्चा घरात कधी झालीच नाही. मुलगी होते. आठ दिवस जो काही विचार झाला तो दादाचा झाला, माझं त्याच्या खाली तसंच उतरवलं.

आता १९८३. आपण दहावी झालो, दादा बारावी झाला. गणितात त्याचा हात कोण धरणार, हे इथले सर सांगतील. इंजिनियरिंगला सरकारी जागा मोजक्या. खुल्या यादीत त्याचं नाव थोडक्यात हुकलं. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली, पण तिथे लागणारे पैसे आम्ही ऐकूनच परत आलो. आणि आमच्याच गावचा, आमच्याच वाड्यातला, आमच्याच भावकीतला एक मुलगा, ज्याच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेलं तसंच राहिलं होतं, त्याला दादापेक्षा कमी मार्कांवर जागा मिळाली. रकाना वेगळा असता तर दादाला मिळालीच असती असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण दादाने तो हिशेब केला होता आणि तो चुकीचा नव्हता.

त्या रात्री तो अण्णांना म्हणाला, “देवाची इच्छा तुमची. जागा माझी गेली.”

अण्णा काय म्हणाले ते महत्त्वाचं आहे. ते ‘देवाची इच्छा’ म्हणाले नाहीत. आमच्या रोजच्या प्रार्थनेत देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असं मागणं आहे, घरात रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची, तेव्हा ते म्हणणं अगदी सोपं होतं. ते म्हणाले, “मी ठरवलं. फादरनी नाही, देवानेही नाही. मी.”

लहानपणी मला हे अण्णांनी हार मानल्यासारखं वाटलं होतं. मग आठ दिवस देवाला विचारलं कशाला? आता उलट वाटतं. आमच्या समाजात, आणि तुमच्याही असेल, मुलीने स्वतः लग्न ठरवलं की देवाच्या इच्छेविरुद्ध, म्हाताऱ्यांना गावी ठेवलं की देवाच्या इच्छेने, फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा तेही देवाच्या इच्छेने. ज्याच्या हातात घर असतं त्याची इच्छा आणि देवाची इच्छा हटकून जुळते. ज्याने खरोखर विचारलं आहे त्याला हे इतक्या सहज म्हणता येत नाही, कारण त्याने तो तराजूचा काटा हलताना पाहिलेला असतो.

दादा आय.टी.आय.ला गेला. अवजारांच्या पेटीसाठी आईने गळ्यातली पोत मोडली आणि तेव्हाही एक शब्द बोलली नाही. अॅप्रेंटिस झाला, अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त लागला, चढत चढत फोरमन झाला, बदलापूरला पूर्वेला घर घेतलं. वाईट चाललं नाही. पण मिस्साला येणं त्याने सोडलं ते वीसेक वर्षं. नाताळला यायचा, आईसाठी. अण्णांशी बोलायचा, पण कामापुरतं: गॅसचा नंबर लावला का, पेन्शन आली का.

माझा हिशेब संपला असं मला वाटत होतं. २०१० साली तो पुन्हा उघडला. दादाचा मुलगा, माझा भाचा, बारावीला होता आणि त्यालाही इंजिनियरच व्हायचं होतं. दादाला कुणीतरी भेटलं. म्हणालं, जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीची नोंद लागते ना, ती तुमच्या गावच्या जुन्या दप्तरात असणारच, आजोबांच्या नावापुढे ‘महार’ लिहिलेली. बाकीचं बघून घेऊ, इतके इतके पैसे. नोंद खरीच होती. पुन्हा तेच: त्यात खोटं काय?

मे महिन्यात एका रविवारी दादाने मला बदलापूरला बोलावलं. आई तोवर गेली होती, अण्णा त्याच्याकडेच राहायचे. बाहेर जांभळाचे वाटे घेऊन बायका बसल्या होत्या, मी येताना एक द्रोण घेतला. आम्ही सगळे खोलीत बसलो आणि जीभ जांभळी करत बोललो, म्हणजे दादा बोलला. म्हणाला, मी आता बाप आहे, मीच ठरवणार आणि मी हो म्हणणार आहे, अण्णांसमोर सांगायचं होतं म्हणून सगळ्यांना बोलावलं. वहिनी गप्प. अण्णा खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा होईल.

बोलला तो भाचा. सतरा वर्षांचा. म्हणाला, “दाखला माझा आहे ना? मला कुणी विचारलं का?”

दादा चिडला. तू गप्प बस, तुला काय कळतं. आणि मग अण्णांनी मान वळवली. दादाकडे बघून म्हणाले, “तुलाही मी विचारलं नव्हतं. फादरला विचारलं, तुझ्या आईला विचारलं, आठ दिवस देवाला विचारलं. तू बारा वर्षांचा होतास, बाजूला झोपलेला. तुला नाही विचारलं. तेवढं चुकलं माझं.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हिला तर नाहीच.”

बत्तीस-तेहतीस वर्षं आम्ही समजत होतो की भांडण रकान्यात काय लिहिलं यावर आहे. अण्णांनी रकान्याबद्दल माफी मागितली नाही, तो त्यांनी मरेपर्यंत बरोबरच मानला. माफी मागितली ती वेगळ्याच गोष्टीची. फादरनी न पाहिलेल्या माणसाची कल्पना करायला सांगितली होती, अण्णांनी ती केली होती. खोलीत झोपलेल्या, रोज पाहिलेल्या मुलाची केली नव्हती. मी त्यानंतर थोडं वाचलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या एका दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीविषयी म्हटलंय की ती माणसाच्या अगदी आतली जागा, जिथे तो देवाजवळ एकटा असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर जे पत्र लिहिलं त्यातही आहे की चर्चने लोकांची विवेकबुद्धी घडवायची, तिची जागा घ्यायची नाही. फादरनी अण्णांची जागा घेतली नव्हती. अण्णांनी दादाची घेतली होती, बारा वर्षांच्या मुलाची बापाला घ्यावी लागते हेही खरं आहे. सातवीतल्या मुलाला विचारून काय मिळालं असतं? बहुधा तो म्हणाला असता, अण्णा म्हणतील तसं. पण मग १९८३ साली ‘जागा माझी गेली’ च्या ऐवजी तो दुसरं काही म्हणू शकला असता.

दादा उठून गॅलरीत गेला. भाच्याने आठवडाभर मागून घेतला. त्याचे आठ दिवस कसे गेले, प्रार्थना केली का, फिरून घरी आला का, मला माहीत नाही, ते त्याचं आहे. आठ दिवसांनी त्याने बापाला सांगितलं की त्या माणसाला पैसे देऊ नका. बँकेचं कर्ज काढून एका खाजगी कॉलेजात तो शिकला. कर्ज फेडायला बरीच वर्षं लागली. आता त्याचं बरं चाललं आहे. पण बरं चाललं म्हणून त्याचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, कारण मग दादाचं काय? अण्णांनी तितकाच विचार करून घेतलेल्या निर्णयाची किंमत दादाने दिली आणि ती परत मिळाली नाही.

अण्णा २०१४ साली गेले. शेवटच्या महिन्यात मी त्यांना विचारलं, फादरनी मरणाच्या वेळेचं विचारायला सांगितलं होतं ना, मग आता काय वाटतं? वैतागून म्हणाले, “आधी ती उशी सरळ कर.” उशी सरळ केल्यावर म्हणाले, लिहिलं ते बरोबर लिहिलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, तुझ्या आईचंही बरोबर होतं. दोन्ही एकदम बरोबर कसं असेल, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्यांना झोप लागली होती.

हे भाषण करायच्या आधी मी दादाला फोन केला. शाळेत हे सगळं सांगू का, म्हणून विचारलं. यावेळी विचारायचं मी विसरले नाही. तो बराच वेळ गप्प होता, मागे लोकलची घोषणा ऐकू येत होती, बदलापूरचा फलाट असावा. मग म्हणाला, “सांग. पण मी अण्णांना माफ केलं असं शेवटी सांगू नकोस. लोकांना तसं आवडतं. ते माझं अजून ठरलेलं नाही.”

म्हणून ते मी सांगत नाही. तो आपल्या आधीच्या १९८१ च्या तुकडीचा, आज माझ्या आग्रहाने आला आहे, मागच्या रांगेत पंख्याखाली बसला आहे. जेवणाच्या वेळी त्याला जरूर भेटा. गणिताचं विचारा, विमकोचं विचारा. एवढं मात्र विचारू नका.